पंगतींतलें रिकामें पान

आमच्या घरीं आत्याबाईंचें पान पंगतींत मांडणें नेमकें केव्हां बंद झालें, हें आज कोणासहि निश्चित सांगतां येणार नाहीं. "आज माझा उपास आहे," "मी मागाहून बसेन," "रात्रीं मला दूधभातच मानवतो," अशीं एकेक कारणें निघत गेलीं आणि त्यांची जागा हळूहळू एका नातवानें घेतली. वयाची सत्तरी त्यांनीं केव्हांच ओलांडलेली. तेव्हां सर्वांनीं या गोष्टीचा अर्थ आपापल्या मनाप्रमाणें लावला. धाकट्या वहिनी कौतुकानें म्हणत, "आत्याबाईंनीं जिव्हा जिंकली." मलाहि तें खरेंच वाटत असे.

गेल्या चैत्रांत, हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशीं, थोरल्या सूनबाई दुपारीं चहाचें आधण ठेवण्यास स्वयंपाकघरांत गेल्या. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. खालची कवळी वाटींत काढून ठेवलेली होती. आदल्या दिवशींच्या वाटल्या डाळीचे कण तिच्याखालीं शिरून हिरडीस जखम झाली होती. ती पदरानें टिपीत टिपीत त्या वरणांत भिजवलेली पोळी नुसत्या हिरड्यांनीं चघळीत होत्या. सूनबाईंची चाहूल लागतांच त्या एवढेंच म्हणाल्या, "तूं बाहेर जा ग, झालंच माझं."

ज्याला आम्ही वैराग्य म्हणत होतों, त्याचें खरें नांव लाज होतें, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. आणि या महिन्याच्या लेखाचा विषयहि तेव्हांच ठरला. कवळी ही वस्तु आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं असते. रात्रीं ती पाण्याच्या पेल्यांत ठेवलेली आपण पाहतों, मुलें तिच्यावरून थट्टाहि करतात. परंतु ती ज्याच्या तोंडांत असते, त्याचें तिच्याशीं कसें काय जुळतें आहे, हें विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाहीं.

प्रथम वरची आणि खालची कवळी यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. वरच्या कवळीस टाळूचा मोठा आधार मिळतो. कवळी आणि टाळू यांच्यामध्यें लाळेचा पातळ थर राहतो, आणि कडा नीट मिळालेल्या असल्या म्हणजे ओल्या कांचेवर दुसरी कांच चिकटावी तशी ती जागच्या जागीं धरून राहते. खालच्या जबड्यास टाळू नाहीं. तेथें जिभेकरितां जागा सोडून कवळी घोड्याच्या नालासारखी करावी लागते. तिला टेकण्यास हिरडीचा अरुंद वरंबा काय तो मिळतो. आणि एका बाजूनें जीभ व दुसऱ्या बाजूनें गाल आणि ओठ तिला सारखे ढकलीत असतात. म्हणून घांस चावतांना ती उचलते, बोलतांना सरकते, आणि तीळ, खसखस किंवा डाळीचा कण तिच्याखालीं गेला कीं जीव नकोसा करते. "वरची छान बसली आहे, खालचीनेंच छळलें आहे," अशी तक्रार पुष्कळ वृद्धांच्या तोंडून ऐकूं येते, तिचें कारण हें आहे.

शिवाय हा वरंबा कायमचा नसतो. दांत मुळासकट जागेवर असतात, तोंवर चावण्याचा भार हाडास पोंचतो व हाड टिकून राहतें. दांत गेले कीं तें झिजूं लागतें. पहिल्या वर्षीं ही झीज वेगानें होते. पुढें ती मंदावते, पण थांबत नाहीं. ताल्ग्रेन या विदुषींनीं कवळी वापरणाऱ्या माणसांच्या जबड्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा घेऊन १९७२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारें चौपट आढळल्याचें त्यांनीं दाखविलें. यास्तव दहा वर्षांपूर्वीं उत्तम बसलेली कवळी आज सैल झाली असेल, तर त्यांत ती करणाऱ्याचा दोष असतोच असें नाहीं, आणि वापरणाऱ्याचा तर मुळींच नाहीं. पायाखालची जमीनच खचलेली असते.

या खचलेल्या जमिनींत खुंटी रोवतां येईल काय, या प्रश्नाचें उत्तर दंतवैद्यकास एका निराळ्याच वाटेनें मिळालें. १९५२ सालच्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नांवाचे शास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडांत रक्त कसें खेळतें, याचा सूक्ष्मदर्शकानें अभ्यास करीत होते. त्याकरितां त्यांनीं टिटेनियम या धातूची एक लहानशी कुपी हाडांत बसविली होती. प्रयोग आटोपल्यावर कुपी काढूं गेले, तों ती निघेना! हाड तिच्याशीं एकजीव होऊन गेलें होतें. दुसऱ्या एखाद्यानें कुपी वायां गेली म्हणून हळहळ केली असती. ब्रोनेमार्क यांनीं त्या चिकटण्याचाच पुढें अभ्यास केला. १९६५ सालीं गॉथेनबर्ग येथें यॉस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यांत त्यांनीं टिटेनियमच्या खुंट्या बसविल्या. या गृहस्थाचा टाळू जन्मतःच दुभंगलेला, जबड्यांत व्यंग, आणि दांत नाहींत. खाणें आणि बोलणें दोन्ही कष्टाचें. २००६ सालीं त्यांचें निधन झालें. तोंवर, म्हणजे चाळीस वर्षांवर, त्या खुंट्यांनीं त्यांना साथ दिली. आरंभीं या पद्धतीवर टीकाहि पुष्कळ झाली. परंतु १९८२ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें झालेल्या परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनीं तिचा गंभीरपणें स्वीकार केला.

या खुंटीस आपल्याकडील दवाखान्यांतहि 'इम्प्लान्ट' असेंच म्हणतात. खालच्या कवळीकरितां बहुधा दोन खुंट्या पुरतात. पूर्वीं जेथें दोन सुळे होते, त्या जागीं उजवीकडे एक व डावीकडे एक अशा त्या बसवितात. जबड्याच्या या पुढच्या भागांत मागच्यापेक्षां हाड पुष्कळदां अधिक शिल्लक असतें, आणि ओठाकडे जाणाऱ्या शिरा तेथून मागें राहतात. हाड खुंटीस धरून बसण्यास साधारणपणें तीन-चार महिने जाऊं देतात. मग खुंटीच्या माथ्यावर एक लहान गोंडा आणि कवळीच्या पोटांत त्यास जुळणारी खांच अशी योजना करतात. लहान मुलाच्या झबल्यास टिचबटण असतें ना, अगदीं तसेंच! कवळी घातली कीं टिच् करून बसते. धुण्यास हवी तेव्हां हातानें निघते. भार हिरडीवर राहतोच, परंतु सरकणें व उचलणें बरेंच थांबतें. २००२ सालीं मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत जमलेल्या तज्ज्ञांनीं असें मत नोंदविलें कीं, सर्व दांत गेलेल्या मनुष्यास खालच्या जबड्याकरितां प्रथम हाच उपाय सुचविला जावा. २००९ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथून प्रसिद्ध झालेल्या निवेदनानेंहि त्यास दुजोरा दिला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. उपाय यशस्वी झाला, हें ठरवावयाचें कोणीं? प्रारंभीं दंतवैद्य खुंट्या मोजीत. दहांपैकीं किती टिकल्या, क्ष-किरणांच्या चित्रांत हाड किती उरलें, यावर यशापयशाचा हिशेब होई. हा हिशेब आवश्यक आहेच. पण त्यांत तोंडाचा धनी कोठेंच येत नाहीं. खुंटी भक्कम आहे आणि मनुष्य दुःखी आहे, असें होऊं शकतें. तसेंच हाड झिजलेलें आहे, कवळी साधीच आहे, आणि मनुष्य मजेंत आहे, असेंहि होऊं शकतें. हें ध्यानांत घेऊन ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें स्लेड आणि स्पेन्सर या संशोधकांनीं ४९ प्रश्नांची एक यादी तयार केली व ती १९९४ सालीं प्रसिद्ध केली. सर्व दांत गेलेल्या लोकांकरितां पुढें २००२ सालीं ॲलन व लॉकर यांनीं तिच्यावरून १९ प्रश्नांची आटोपशीर यादी केली. हे प्रश्न विचारांत घेण्यासारखे आहेत. चावण्यास अडतें काय, दुखतें काय, येथपासून त्यांचा आरंभ होतो. पण शेवट तेथें होत नाहीं. दांतांमुळें मनास संकोच वाटतो काय, चारचौघांत जाणें टाळावेंसें वाटतें काय, घरच्या माणसांवर उगाच चिडचिड होते काय, येथपर्यंत ते जातात. प्रत्येक प्रश्नास 'कधींच नाहीं' पासून 'फार वेळां' पर्यंतच्या पांच पायऱ्यांपैकीं एक निवडून उत्तर द्यावयाचें असतें. आमच्या आत्याबाईंना हे प्रश्न दोन वर्षांपूर्वीं कोणी विचारले असते, तर त्यांच्या एकादश्यांची संख्या एवढी वाढली नसती!

अशा प्रश्नांच्या आधारें जीं परीक्षणें झालीं, त्यांतून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली आहे. कोणास साधी कवळी व कोणास दोन खुंट्यांवरची, हें चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें ठरवून दोन्ही गट तपासले, तेव्हां खालच्या जबड्याच्या बाबतींत खुंट्यांवरची कवळी मिळालेले लोक अधिक समाधानी आढळले. चावणें, कवळीचें स्थैर्य आणि एकंदर सुख या तिन्ही बाबतींत त्यांचें मत अनुकूल पडलें. वरच्या जबड्याची गोष्ट वेगळी. तेथें चांगली केलेली साधी कवळी मुळांतच इतकें समाधान देते कीं, खुंट्यांमुळें त्यांत फारशी भर पडतेच असें नाहीं. वरच्या जबड्यास खुंट्या सुचविल्या गेल्या, तर त्या कशाकरितां, हें म्हणूनच स्वस्थपणें विचारून घ्यावें.

तथापि समाधान ही सर्वांना एकाच मापानें वांटण्याची वस्तु नव्हे. मॉन्ट्रियल येथेंच केलेला एक लहानसा प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १५ मनुष्यांना खालच्या जबड्यांत खुंट्यांवर दोन्ही प्रकारचे दांत आळीपाळीनें वापरावयास दिले: एक प्रकार कायमचा पक्का बसणारा, दुसरा काढतां-घालतां येणारा. शेवटीं ज्याला जो आवडेल तो त्यानें ठेवून घ्यावा, अशी मुभा होती. कोणासहि वाटेल कीं सर्वजण पक्के दांतच मागतील. परंतु आठ जणांनीं पक्के दांत घेतले आणि सातांनीं काढतां येणारे! पक्के घेणाऱ्यांना भक्कमपणा हवा होता. काढते घेणाऱ्यांना ते हातांत धरून स्वच्छ धुतां येतात याचें समाधान अधिक होतें. तीच खुंटी, तोच जबडा, तोच दंतवैद्य. आणि मतें मात्र दोन.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट कॅनडांतीलच व्हँकूव्हरची आहे. तेथें खुंट्या विनामूल्य बसवून देण्याची तयारी असतांहि तीन वृद्धांमागें एकाहून थोड्या अधिकांनीं नकार दिला, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. शस्त्रक्रियेची आणि दुखण्याची धास्ती हें त्याचें मोठें कारण होतें. त्यांना अडाणी ठरविण्याचा मोह होतो. पण तें योग्य नव्हे. स्वतःच्या हाडांत भोंक पाडून घ्यावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार त्या हाडाच्या धन्याचाच आहे.

या अधिकाराची आठवण मला आमच्या घरांतच करून द्यावी लागली. त्या चैत्रांतल्या प्रसंगानंतर रात्रीं वडील मंडळींची बैठक बसली. थोरले बंधु म्हणाले, "आतां या वयांत चिरफाड कशाला? मऊ भात काय कमी आहे?" पुतण्या नोकरीनिमित्त बंगळूरला असतो, तो फोनवरून म्हणाला, "खर्चाचं माझ्याकडे लागलं. वरचे-खालचे सगळे दांत एकदांच पक्के बसवून टाकूं." दोघांच्याहि बोलण्यांत माया होती. परंतु ज्यांच्या तोंडाविषयीं ही चर्चा चालली होती, त्या आंतल्या खोलींत वाती वळीत बसल्या होत्या, आणि त्यांना हांक मारावी असें कोणासच सुचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांच्यापाशीं जाऊन बसलों आणि त्या यादींतल्या प्रश्नांच्या धर्तीवर विचारलें, "आत्याबाई, कवळीमुळें तुमचं नेमकं काय अडतं?"

बराच वेळ त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाल्या, "चावायचं मेलं काय रे, जन्मभर चावलं. मला विष्णुसहस्रनाम म्हणतां येत नाहीं. 'श' म्हणायला जावं, तों खालची वर येते. मंडळांतल्या बायका वळून बघतात. दोन वर्षं झालीं, मी नुसते ओठ हलवते."

वाचकहो, आम्ही सर्वजण त्यांच्या तोंडांत काय जातें याचीच काळजी करीत होतों. त्यांच्या तोंडून काय बाहेर पडेनासें झालें आहे, हें आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानीं आलें नव्हतें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण तींत इतरांच्या उपयोगाच्या गोष्टी आहेत. दंतवैद्यांनीं प्रथम जुनी कवळीच तपासली. पुष्कळदां आंतून नवा थर दिल्यानें, अगर नवी साधी कवळी नीट करून घेतल्यानें काम भागतें. तसें झाल्यास शस्त्रक्रियेचें कारणच उरत नाहीं. आत्याबाईंचा खालचा वरंबा मात्र जवळजवळ सपाट झाला होता. मग त्यांनीं बाकीची विचारपूस केली. मधुमेह आटोक्यांत आहे काय? तंबाखू, मशेरी किंवा धूम्रपान आहे काय? रक्त पातळ करणारीं औषधें चालूं आहेत काय? हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून कांहीं गोळ्या अगर इंजेक्शनें घेतलीं आहेत काय? जबड्यावर पूर्वीं किरणोपचार झाले आहेत काय? यांपैकीं एकहि गोष्ट लपवूं नये. केवळ वय झालें म्हणून खुंटी बसत नाहीं असें नाहीं. पण वरील कारणांनीं धोका वाढतो, आणि कांहीं प्रसंगीं हा बेत सोडूनहि द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट निगेची. धातूच्या खुंटीस कीड लागत नाहीं, हें खरें. परंतु तिच्याभोंवतीं मळ सांचला तर हिरडी सुजते, आणि पुढें तिला धरून ठेवणारें हाडहि खचूं लागतें. म्हणून कवळी काढून खुंट्यांचे माथे रोज मऊ ब्रशनें घासावे लागतात. ज्यांचे हात कांपतात, ज्यांची दृष्टि अधू आहे, त्यांच्याकरितां हें काम घरांतील कोण करणार, हें शस्त्रक्रियेच्या आधींच ठरवावें. टिचबटणांतील लहान कडीं वापरानें सैल होतात व बदलावीं लागतात. तेव्हां खर्च विचारतांना पहिल्या दिवसाचाच न विचारतां पुढील वर्षांचाहि विचारावा आणि तो लिहून घ्यावा. रात्रीं कवळी काढून ठेवावी. ती उकळत्या पाण्यांत घालूं नये. तिचा आकार बिघडतो.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. दांत बसले म्हणजे आहार आपोआप सुधारतो, अशी समजूत आहे. पण वर्षानुवर्षें मऊ भातावर राहिलेल्या मनुष्याची संवय दांतांबरोबर बदलत नाहीं. कोशिंबीर, मोड आलेलीं कडधान्यें, फळें हीं पानांत वाढावीं लागतात, आणि थोडा आग्रहहि करावा लागतो. तसेंच या दांतांस तरुणपणींच्या दांतांची सर येईल असें कोणीं सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. जो अशी आशा धरून जातो, तो चांगल्या कवळीनेंहि असमाधानी राहतो.

हें सर्व आत्याबाईंना समजावून सांगितल्यावर त्यांनीं आपला निर्णय स्वतःच दिला. "खालच्या दोन खुंट्या बसवा. वरची मला कधीं त्रास देत नाहीं. तिला कशाला छेडायची?" पुतण्याचा बेत निम्म्याहून अधिक गळाला आणि बंधूंचा तर सगळाच, पण दोघांनींहि तें मान्य केलें. ज्येष्ठांत खुंट्या बसल्या. पहिले दोन दिवस दुखलें, तेव्हां "उगीच तुझं ऐकलं" असें त्या मला म्हणाल्याहि. चातुर्मासाचे पहिले महिने मऊ अन्नावर गेले. आश्विनांत बटणें जोडलीं. पुढें एकदां एक सैल झालें म्हणून पुन्हां दवाखान्यांत जावें लागलें. नव्या बैठकीची जिभेस संवय होण्यास तीन-चार आठवडे गेले. चकली त्या अजूनहि मोडून, चहांत बुडवून खातात.

कार्तिकी एकादशीस मंडळ आमच्याच ओसरीवर बसलें होतें. मी आंत वाचीत होतों. इतक्या बायकांच्या आवाजांतून एक जुना, किंचित् कांपरा आवाज वेगळा ओळखूं आला. थोरले बंधु वर्तमानपत्र खालीं ठेवून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या पंगतींत आत्याबाईंचें पान मांडलें. त्यांना जेवावयास सर्वांपेक्षां वेळ लागला. मुलें चुळबूळ करूं लागलीं. पण पंगतींतील वडील मनुष्याचें होईपर्यंत उठावयाचें नसतें, हें सूनबाईंनीं त्यांना डोळ्यांनींच बजावलें. खुंट्यांचें काम दंतवैद्यांनीं केलें होतें. हें काम घराचें होतें.

आपल्याहि घरीं कोणी मागाहून एकटेंच जेवत असेल, हंसतांना तोंडावर पदर किंवा हात धरीत असेल, भजनांत नुसतेच ओठ हलवीत असेल, तर त्यांच्यापाशीं एकांतांत बसून एकदां विचारा, "कवळीमुळें तुमचं काय अडतं?" उपाय दोन खुंट्यांचा निघेल, नव्या साध्या कवळीचा निघेल, किंवा "आहे तें बरं आहे" असेंहि उत्तर येईल. जें येईल तें त्यांचें म्हणून ऐकून घ्या. मात्र उत्तर लगेच आलें नाहीं, तर उठूं नका. आत्याबाईंनाहि बोलावयास वेळ लागला होता.